हेडर, कुकी आणि एक्स्टेन्शन : वाचकांच्या शंका

वेबसाइटची सुरक्षा-सेटिंग्ज ब्राउझर एक्स्टेन्शनने कशी तपासायची, याविषयी पुणे आणि परिसरातून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच विषयाची पत्रे एकत्र केली आहेत. हेडर म्हणजे पानासोबत सर्व्हर ब्राउझरला पाठवतो त्या सूचना, कुकी म्हणजे साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद, आणि एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम.

आमच्या पुस्तकांच्या ऑनलाइन विक्रीच्या साइटवर डेव्हलपरने सगळे सिक्युरिटी हेडर लावले. एक्स्टेन्शन होमपेजवर हिरव्या खुणा दाखवते. ऑडिटरच्या अहवालात मात्र ‘लॉगिन पानावर आणि ४०४ पानावर हेडर नाहीत’ असा शेरा आहे. खोटे कोण बोलतेय?
— पुस्तक विक्रेते, अप्पा बळवंत चौक

कोणीच नाही. एक्स्टेन्शन फक्त तुम्ही उघडलेल्या पानाविषयी बोलते. ऑडिटरने दुसरी पाने मागवली आणि ती पाने सर्व्हरने वेगळ्या हेडरांसह दिली. तुमचा सर्व्हर एनजिनएक्स असल्याचे पत्रात लिहिले आहे, त्यामुळे कारण जवळजवळ नक्की सांगता येते.

कॉन्फिग फाइलीत सर्व्हर ब्लॉकमधल्या (सगळ्या साइटसाठीच्या) ‘ॲड-हेडर’च्या ओळी खालच्या लोकेशन ब्लॉकला (ठरावीक पत्त्यांसाठीच्या) वारशाने मिळतात, पण त्या लोकेशनमध्ये स्वतःची एकही ‘ॲड-हेडर’ ओळ नसेल तरच. लॉगिन पान कॅशेत राहू नये म्हणून कोणीतरी तिथे ‘कॅशे-कंट्रोल’ची एक ओळ घातली असणार. तेवढ्याने वरच्या सगळ्या ओळी त्या पानापुरत्या गळतात. एरर येत नाही, लॉगमध्ये नोंद होत नाही, साइट छान चालते. ४०४ चे, म्हणजे ‘पान सापडले नाही’ या उत्तराचे, कारण वेगळे आहे. ओळीच्या शेवटी ‘ऑलवेज’ नसेल तर एनजिनएक्स तो हेडर २००, ३०१, ३०२, ३०४ अशा ठरावीक क्रमांकांच्या उत्तरांनाच जोडतो. ४०४ आणि ५०० (सर्व्हरमधली चूक) त्यात येत नाहीत. आणि चुकीच्या पत्त्यावरची पाने कधीकधी पत्त्यातला मजकूर जशाचा तसा पानावर छापतात, त्यामुळे हेडर नेमके तिथेच हवेत.

सगळे सुरक्षा-हेडर एका वेगळ्या फाइलीत काढा, प्रत्येकाच्या शेवटी ‘ऑलवेज’ लिहा, आणि ज्या ज्या लोकेशनमध्ये स्वतःची ‘ॲड-हेडर’ ओळ आहे तिथे ती फाइल ‘इन्क्लूड’ करा. कॉन्फिग तपासून मगच रीलोड करा.

अपाचे हे दुसरे सर्व्हर-सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची अडचण उलटी असते. तिथे ‘हेडर सेट’ आणि ‘हेडर ऑलवेज सेट’ यांच्या दोन स्वतंत्र याद्या असतात. दोन्हीकडे ओळ पडली, किंवा एक पीएचपीने आणि एक कॉन्फिगने लावली, की एकच हेडर दोनदा जातो. पान दुसऱ्या पानातल्या फ्रेममध्ये दाखवू द्यायचे का हे ठरवणारा एक्स-फ्रेम-ऑप्शन्स एकदा ‘डिनाय’ (कोणालाच नाही) आणि एकदा ‘सेमओरिजिन’ (फक्त स्वतःच्या साइटला) असा गेला तर तुमची स्वतःची फ्रेमही अडते. कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (सीएसपी, म्हणजे पानावर कोणत्या स्क्रिप्ट वगैरे चालाव्यात हे सांगणारा हेडर) दोनदा गेली तर दोन्ही एकदम लागू होतात, म्हणजे दोन्हींना मान्य असेल तेवढेच चालते. काही एक्स्टेन्शने अशा वेळी शेवटची ओळ तेवढी दाखवतात आणि माणूस तासभर चुकीच्या जागी शोधत बसतो.

खात्री करायची तर एफ-१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, ‘डिसेबल कॅशे’वर टिक करा, पान रीलोड करा, यादीतली पहिली ओळ निवडा आणि ‘रिस्पॉन्स हेडर्स’ वाचा. होमपेज, लॉगिन, मुद्दाम चुकवलेला पत्ता, एखादी पीडीएफ आणि एखादे एपीआयचे उत्तर अशा पाच ठिकाणी हे करा. टर्मिनलवर ‘कर्ल’ (पाने मागवणारा कमांड-प्रोग्राम) वापरत असाल तर मोठ्या ‘आय’चा पर्याय ‘हेड’ (फक्त हेडर मागणारी) विनंती पाठवतो हे ध्यानात ठेवा. काही ॲप्लिकेशने ‘हेड’ला निराळे उत्तर देतात. मोठ्या ‘डी’ने हेडर पडद्यावर काढा आणि लहान ‘ओ’ने मजकूर डेव्ह-नलमध्ये टाका (म्हणजे फेकून द्या), मग खरी ‘गेट’ (पूर्ण पान मागणारी) विनंती होते.

सुरक्षा-तपासणी शिकतोय. एका यादीप्रमाणे बावीस एक्स्टेन्शने टाकली, आता क्रोम रखडतो. यातली गरजेची कोणती?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नऱ्हे

पाच पुरतात. कुकी पाहण्या-बदलण्यासाठी कुकी-एडिटर, प्रॉक्सी (ब्राउझर आणि साइट यांच्यामध्ये बसणारा प्रोग्राम) चालू-बंद करायला फॉक्सीप्रॉक्सी, जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररी ओळखायला रिटायर-डॉट-जेएस, सीएसपी पॉलिसीतली भोके दाखवायला गूगलचे सीएसपी इव्हॅल्युएटर, आणि साइट कशावर बनली आहे याचा अंदाज घ्यायला वॅपलायझर. हेडर पाहण्यासाठी वेगळे एक्स्टेन्शन लागतच नाही, नेटवर्क टॅब त्याहून भरवशाचा आहे. हेडर बदलून पाहायचा असेल तरी क्रोममध्ये ११३ व्या आवृत्तीपासून डेव्हटूल्समधल्या ‘लोकल ओव्हरराइड्स’ने उत्तराचे हेडर तात्पुरते बदलता येतात.

प्रत्येकाची मर्यादा ओळखून वापरा. रिटायर-डॉट-जेएस आवृत्तीचा आकडा जुळवते. ती चूक तुमच्या पानावर वापरण्याजोगी आहे का, हे त्याला कळत नाही. जेक्वेरी ३.५.० च्या आधीची दिसली की ते तांबडे होते, कारण एचटीएमएल हाताळण्यातल्या दोन त्रुटी २०२० साली त्या आवृत्तीत दुरुस्त झाल्या. पण बाहेरून आलेला मजकूर तुम्ही ‘एचटीएमएल’, ‘अपेंड’ अशा फंक्शनांत देताच नसाल तर धोका फारच कमी. अहवालात हे तपासून लिहायचे, नुसता स्क्रीनशॉट चिकटवायचा नाही. वॅपलायझरचा अंदाज तर सर्व्हरने मुद्दाम खोटे नाव सांगितले की सरळ फसतो.

क्रोम रखडण्यापेक्षा मोठी काळजी वेगळी आहे. ‘सर्व वेबसाइटवरील माहिती वाचणे व बदलणे’ ही परवानगी अशा बहुतेक एक्स्टेन्शनांना लागते. म्हणजे तुमच्या बँकेचे पान उघडे असेल तर तेही त्यांना वाचता येते. एक्स्टेन्शन आज चांगले आहे म्हणून उद्या राहीलच असे नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लाखो लोक वापरत असलेले एक्स्टेन्शन मूळ लेखकाने २०२० मध्ये दुसऱ्याला दिले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर म्हणून बंद केले. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सुरक्षा-कंपनीच्या कर्मचाऱ्याला फसव्या ईमेलने गाठून तिच्या एक्स्टेन्शनची बिघडवलेली आवृत्ती स्टोअरवर चढवली गेली. आपोआप होणाऱ्या अपडेटने ती वापरणाऱ्यांपर्यंत पोचली.

म्हणून तपासणीसाठी क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये वेगळे प्रोफाइल करा आणि एक्स्टेन्शने तिथेच ठेवा. त्या प्रोफाइलमध्ये स्वतःचे ईमेल, बँक, डिजिलॉकर काहीही उघडायचे नाही. एक्स्टेन्शनच्या परवानग्यांत ‘ऑन क्लिक’ निवडा, म्हणजे चिन्हावर दाबल्याशिवाय ते पान वाचत नाही. इन्कॉग्निटो विंडोत एक्स्टेन्शने मुळात बंद असतात. ‘इन्कॉग्निटोत एक्स्टेन्शन चालत नाही’ अशी बरीच पत्रे आली आहेत, त्यांचे उत्तर एवढेच.

एका साडीच्या दुकानाची साइट सांभाळतो. पेमेंट करून परत आल्यावर काही ग्राहक लॉगआउट झालेले दिसतात, काही नाही. आमच्याकडे तपासले की सगळे नीट चालते. कुकी दाखवणाऱ्या एक्स्टेन्शनमध्ये ‘सेमसाइट’च्या पुढे काहीच नाही.
— फ्रीलान्स डेव्हलपर, लक्ष्मी रोड

दुखणे त्या रिकाम्या रकान्यातच आहे. दुसऱ्या साइटवरून आल्यावर कुकी पाठवायची का, हे सेमसाइट ठरवते. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या क्रोम ८० पासून, सेमसाइट न लिहिलेली कुकी ‘लॅक्स’ धरली जाते. लॅक्स कुकी दुसऱ्या साइटवरून ‘गेट’ने तुमच्या पानावर आले तर जाते, ‘पोस्ट’ने (फॉर्मसारखी माहिती पाठवणाऱ्या विनंतीने) आले तर जात नाही. बरेच पेमेंट गेटवे ग्राहकाला परत पाठवताना पोस्टच करतात. मग सर्व्हरला सेशन (कोण लॉगिन आहे याची नोंद) सापडत नाही आणि ग्राहकाला लॉगिन पान दिसते.

मग काहींचे का चालते? क्रोमने एक सवलत ठेवली आहे. सेमसाइट अजिबात न लिहिलेली कुकी तयार होऊन दोन मिनिटे झाली नसतील, तर ती अशा पोस्टबरोबरही पाठवली जाते. तुम्ही टेस्ट कार्डाने अर्ध्या मिनिटात पेमेंट उरकता. ग्राहक मात्र आधी वीस मिनिटे साड्या पाहतो, मग ओटीपीची वाट बघतो. शिवाय फायरफॉक्समध्ये न लिहिलेल्या सेमसाइटला लॅक्स धरण्याचा नियम मुळात चालू नसतो, त्यामुळे तिथे दोष दिसणारच नाही.

दोष मुद्दाम घडवून पाहा. कुकी-एडिटरमध्ये सेशन कुकीला ‘लॅक्स’ असे स्पष्ट लिहून सेव्ह करा. स्पष्ट लिहिलेल्या लॅक्सला दोन मिनिटांची सवलत नाही. मग क्रोममध्ये टेस्ट पेमेंट करा. हमखास लॉगआउट होईल.

सेशन कुकीचे सेमसाइट ‘नन’ (कुठूनही आले तरी कुकी जाते) करून टाकणे हा सोपा उपाय सुचवला जातो. तो करू नका, त्याने सगळ्या साइटचे दार उघडे राहते. परतीचा पत्ता सेशनवर अवलंबून ठेवू नका. त्या पानाने पोस्ट घ्यावी, गेटवेची सही तपासावी, ऑर्डर क्रमांकावरून नोंद करावी आणि ३०३ ने (‘दुसरे पान गेटने उघडा’ सांगणाऱ्या उत्तराने) ‘धन्यवाद’ पानावर पाठवावे. पुढचा प्रवास गेटने होतो, त्यामुळे लॅक्स कुकी जाते आणि ग्राहक लॉगिन राहतो. सेशन कुकी ‘स्ट्रिक्ट’ (दुसऱ्या साइटवरून आल्यावर कधीच न जाणारी) असेल तर मात्र हेही चालणार नाही.

याच पत्रात आणखी एक शंका आहे. ‘एचटीटीपी-ओन्ली’ कुकी एक्स्टेन्शनमध्ये दिसते, म्हणजे ते सेटिंग लागले नाही का? लागले आहे. एक्स्टेन्शन ब्राउझरच्या आतल्या मार्गाने कुकी वाचते, पानावरची स्क्रिप्ट नाही. कन्सोलमध्ये ‘डॉक्युमेंट-डॉट-कुकी’ टाकून पाहा. तिथे ती कुकी दिसली तरच काळजी.

एचएसटीएस लावा असे एक्स्टेन्शनने सुचवले म्हणून एक वर्षाचा कालावधी आणि ‘इन्क्लूड-सबडोमेन्स’ लावले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या पतसंस्थेतले हजेरीचे अंतर्गत पान उघडेना.
— पतसंस्थेचे संगणक विभागप्रमुख, हडपसर

एचएसटीएस हा हेडर ब्राउझरला ‘ही साइट ठरावीक काळ एचटीटीपीएसनेच उघड’ असे सांगतो, आणि ‘इन्क्लूड-सबडोमेन्स’ने तो सबडोमेननाही लागतो. हजेरीचे पान त्याच डोमेनच्या सबडोमेनवर साध्या एचटीटीपीने चालत असणार. एचएसटीएसमुळे ब्राउझर ते पान आता एचटीटीपीएसनेच मागतो, तिकडे सर्टिफिकेट नाही, आणि या स्थितीत ‘तरीही पुढे जा’ हे बटणही मिळत नाही.

आज काम सुरू व्हावे म्हणून मुख्य डोमेनच्या हेडरमधून ‘इन्क्लूड-सबडोमेन्स’ काढा. ब्राउझर नवीन हेडर मिळताच जुनी नोंद बदलतो, पण त्यासाठी प्रत्येकाने मुख्य साइट एकदा एचटीटीपीएसवर उघडायला हवी. आधीचे पान कॅशेत असेल तर रीलोड करायला सांगा. एखाद्या संगणकावर क्रोम ऐकतच नसेल तर नेट-इंटर्नल्सच्या पानावर एचएसटीएस विभागात डोमेनचे नाव टाकून नोंद पुसता येते. नुसता हेडर काढून टाकून काहीही होत नाही; वर्षभराची नोंद तशीच राहते. पूर्ण बंद करायचे तर कालावधी शून्य पाठवावा लागतो.

नंतर त्या सबडोमेनला सर्टिफिकेट घ्या. अंतर्गत पान बाहेरून दिसत नसले तरी लेट्स एन्क्रिप्टचे सर्टिफिकेट डीएनएस पडताळणीने मिळते. मग पुन्हा पायरीपायरीने चढा : आधी ३०० सेकंद, मग आठवडा म्हणजे ६०४८०० सेकंद, मग महिना म्हणजे २५९२०००, आणि तक्रार नसेल तर वर्ष म्हणजे ३१५३६०००. ‘प्रीलोड’ (ब्राउझरमध्ये आधीच भरलेल्या यादीत जाण्याची संमती) हा शब्द एक्स्टेन्शनची खूण हिरवी व्हावी म्हणून लिहू नका. डोमेन एकदा त्या यादीत गेले की ब्राउझरच्या आतच नोंद होते आणि बाहेर काढलेले सगळ्यांपर्यंत पोचायला महिने लागतात.

‘कोर्स अनब्लॉक’ करणारे एक्स्टेन्शन चालू असताना माझा फ्रंटएंड चालतो, क्लायंटकडे चालत नाही.
— ट्रेनी, हिंजवडी

कोर्स म्हणजे एका साइटच्या पानाला दुसऱ्या साइटचे उत्तर वाचू द्यायचे का हे ठरवणारा नियम. ते एक्स्टेन्शन सर्व्हरच्या उत्तरात परवानगीचा हेडर तुमच्या ब्राउझरमध्येच चिकटवते. क्लायंटकडे ते नाही, म्हणून परवानगीही नाही. आजच काढून टाका. चालू राहिले तर तुम्ही उघडलेली कुठलीही साइट इतर साइटची उत्तरे वाचू शकते. सर्व्हरवर तुमच्या फ्रंटएंडचा नेमका ओरिजिन (प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट) लिहा. येईल तो ओरिजिन उत्तरात परत पाठवणे आणि सोबत क्रेडेन्शियल्सना (कुकी, लॉगिन) मुभा देणे हे तर ताऱ्यापेक्षाही (‘*’, म्हणजे सर्वांना परवानगी) वाईट, कारण ताऱ्याबरोबर क्रेडेन्शियल्स ब्राउझर निदान नाकारतो. ओरिजिनची यादी तपासून उत्तर देत असाल तर ‘व्हेरी : ओरिजिन’ विसरू नका, नाहीतर कॅशे एकाची परवानगी दुसऱ्याला वाटेल.

फॉक्सीप्रॉक्सीने बर्प जोडले. प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची सूचना येते, आणि माझ्याच संगणकावर चालणारे ॲप्लिकेशन बर्पमध्ये दिसतच नाही.
— आयटी सहायक, भोसरी

बर्प म्हणजे ब्राउझरच्या विनंत्या अडवून दाखवणारी प्रॉक्सी. फॉक्सीप्रॉक्सीत १२७.०.०.१ (तुमचाच संगणक) आणि पोर्ट ८०८० आहे ना ते आधी पाहा. तुमच्याकडे टॉमकॅट किंवा जेनकिन्स असेल तर तेही ८०८० वरच बसते. तसे असल्यास बर्पचा लिसनर (तो ऐकतो ते पोर्ट) ८०८१ करा आणि फॉक्सीप्रॉक्सीत तोच आकडा लिहा.

प्रॉक्सी चालू ठेवून ॲड्रेसबारमध्ये एचटीटीपीने ‘बर्प’ एवढाच पत्ता टाका, तिथून बर्पचे सीए सर्टिफिकेट (ज्यावर ब्राउझरचा अजून विश्वास नाही ते) उतरवा. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘व्ह्यू सर्टिफिकेट्स’, ‘ऑथॉरिटीज’ आणि ‘इम्पोर्ट’. वेबसाइट ओळखण्यासाठी विश्वास ठेवण्याच्या चौकटीत टिक करा. ती राहिली की सूचना तशीच येत राहते. हे फायरफॉक्समध्येच करा, कारण त्या प्रोफाइलची सर्टिफिकेटची यादी स्वतःची असते. विंडोजच्या यादीत टाकलेत तर सगळ्या संगणकाचा विश्वास त्या सर्टिफिकेटवर बसतो.

लोकलहोस्टची विनंती फायरफॉक्स मुळात प्रॉक्सीकडे पाठवत नाही. ‘अबाउट-कॉन्फिग’मध्ये ‘नेटवर्क-प्रॉक्सी-अलाऊ-हायजॅकिंग-लोकलहोस्ट’ शोधून ‘ट्रू’ करा. फॉक्सीप्रॉक्सीत सगळी रहदारी न वळवता फक्त तुमच्या साइटचा पॅटर्न घाला, नाहीतर ब्राउझरच्या स्वतःच्या विनंत्यांनी बर्पची यादी भरून जाते.

सीएसपी इव्हॅल्युएटर ‘अनसेफ-इनलाइन’ तांबडे दाखवते. काढले की अर्धी साइट बंद पडते.
— वेब एजन्सी, कर्वेनगर

‘अनसेफ-इनलाइन’ म्हणजे पानातच लिहिलेली कोणतीही स्क्रिप्ट चालू देणे. ते एकदम काढायचेच नसते. चालू पॉलिसी तशीच राहू द्या आणि कडक पॉलिसी ‘रिपोर्ट-ओन्ली’ हेडरने सोबत पाठवा. ब्राउझर काही अडवत नाही, काय अडले असते ते कन्सोलमध्ये आणि अहवालाच्या पत्त्यावर कळवतो. निदान दोन आठवडे चालवा, महिनाअखेरीची पाने त्यात यायला हवीत.

इनलाइन स्क्रिप्टना नॉन्स (एकदाच वापरायची यादृच्छिक खूण) द्या. तो प्रत्येक उत्तराला नवा, निदान १२८ बिटांचा आणि अंदाज न लागणारा हवा. पान कॅशेतून किंवा सीडीएनवरून (साठवलेल्या प्रती वाटणाऱ्या सेवेवरून) जात असेल तर सगळ्यांना एकच नॉन्स जातो आणि त्याला अर्थ उरत नाही. अशा स्थिर पानांना हॅश (स्क्रिप्टच्या मजकुरावरून काढलेली खूण) वापरा. नॉन्स लिहिला की आधुनिक ब्राउझर स्क्रिप्टसाठी ‘अनसेफ-इनलाइन’कडे दुर्लक्ष करतात, म्हणून जुन्या ब्राउझरसाठी तो शब्द ठेवला तरी चालतो, इव्हॅल्युएटरही हे ओळखते. बटणावरचे ‘ऑनक्लिक’ मात्र नॉन्सने सुटत नाही. ते काढून ‘ॲड-इव्हेंट-लिसनर’ने जोडावे लागते. साइट बंद पडण्याचे मुख्य कारण हेच असते आणि एजन्सीचा सगळा वेळ इथेच जातो, तसे कोटेशनमध्ये धरा.

सीएसपीतली ‘डीफॉल्ट’ची ओळ सगळे झाकते असा समज आहे. ‘बेस-यूआरआय’, ‘फॉर्म-ॲक्शन’ आणि ‘फ्रेम-ॲन्सेस्टर्स’ तिच्यात येत नाहीत, तिन्ही वेगळ्या लिहाव्या लागतात. पेमेंट गेटवेला फॉर्म पोस्ट होत असेल तर त्याचे नाव ‘फॉर्म-ॲक्शन’मध्ये हवे. ‘फ्रेम-ॲन्सेस्टर्स’ मेटा टॅगमध्ये लिहिलेली चालत नाही, हेडरमध्येच हवी.

अहवालांत तुमच्या साइटवर नसलेल्या स्क्रिप्टची नावे दिसतील. ज्यांचा पत्ता ‘क्रोम-एक्स्टेन्शन’ किंवा ‘मोझ-एक्स्टेन्शन’ने सुरू होतो ती ग्राहकांच्या ब्राउझरमधल्या एक्स्टेन्शनांची आहेत, गाळून टाका. त्यांच्यासाठी पॉलिसी सैल करू नका.

सरकारी किंवा बँकेच्या साइटवर ही एक्स्टेन्शने चालवून चूक सापडली तर कळवता येईल का?
— वाचक, सिंहगड रोड

तुम्हाला मिळालेल्या पानाचे हेडर वाचणे आणि कुकी, विनंती किंवा आयडी बदलून परत पाठवणे यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारासाठी मालकाची लेखी परवानगी हवी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीविना प्रवेश येतो, आणि अप्रामाणिक हेतू दिसला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू चांगला होता हे नंतर सिद्ध करत बसण्यापेक्षा आधी परवानगी घेणे परवडते. सहज नजरेस पडलेली त्रुटी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेकडे कळवता येते. पत्ता, वेळ आणि दिसलेला हेडर एवढेच लिहा, अधिक खोदू नका.

हात चालवायला ओवॅस्प या वेब-सुरक्षा संस्थेचे ज्यूस शॉप हे सरावाचे ॲप्लिकेशन घ्या. डॉकरने स्वतःच्या संगणकावर पोर्ट ३००० वर उभे राहते आणि मोडण्यासाठीच बनवलेले आहे.

ऑडिटर ‘एक्स-एक्सएसएस-प्रोटेक्शन’ मागतो. लावू का?
— स्टार्टअप, बाणेर

नको. हा हेडर ब्राउझरमधली एक्सएसएस (पानात परकी स्क्रिप्ट घुसवण्याचा हल्ला) गाळणारी चाळणी चालवायचा. क्रोमने तो चाळणीचा भाग २०१९ मध्ये ७८ व्या आवृत्तीत काढून टाकला, फायरफॉक्सने कधी घेतलाच नव्हता. अहवालातला रकाना भरायचाच असेल तर किंमत शून्य पाठवा आणि ऑडिटरला सीएसपीची ओळ दाखवा.